कादंबरी ही कोणाच्या घरची गोष्ट?

कादंबरी हातीं घेतली कीं आपल्याकडील वाचकाच्या मनांत पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, कीं ‘ही कोणावर लिहिली आहे?’ नायिका दुःखी असली तर लेखकाच्या बहिणीकडे बोट दाखविलें जातें. सासू दुष्ट असली तर शेजारच्या वाड्यांतील एखाद्या वृद्ध बाईचें नांव कुजबुजलें जातें. आणि लिहिणारी स्त्री असली तर विचारूंच नये, तिचें प्रत्येक वाक्य तिच्या संसाराशीं ताडून पाहण्यांत येतें. उलटपक्षीं पेढीवर बसणारा व्यवहारी गृहस्थ म्हणतो कीं, कादंबरी म्हणजे निव्वळ थाप. ज्यांना उद्योग नाहीं त्यांनीं ती लिहावी आणि ज्यांना झोंप येत नाहीं त्यांनीं ती वाचावी. एक पक्ष कादंबरीस चहाडी समजतो, दुसरा थाप समजतो. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष सारखेच भ्रमांत आहेत. आणि हा भ्रम केवळ ग्रंथांपुरता असता तर त्यासाठीं इतकी शाई खर्च करण्याचें कारण नव्हतें. त्याचा परिणाम आपल्या घरांतील जिवंत माणसांना भोगावा लागतो, म्हणून कादंबरीकार स्वतःच्या आयुष्यांतून काय घेतो, कसें घेतो आणि तें घेतांना त्याच्यावर व आपल्यावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार करणें अवश्य आहे.

प्रथम परदेशचें, परंतु व्यापारी मंडळींस सहज पटेल असें एक उदाहरण घेऊं. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याचा जन्म १८१२ सालीं झाला. त्याचा बाप आरमारी खात्याच्या पगारकचेरींत कारकून होता. माणूस आनंदी, बोलका, चार लोकांत शोभणारा. परंतु मिळकतीपेक्षां खर्च अधिक, आणि उद्यां कांहीं तरी चांगलें घडेल या भरंवशावर आजचें देणें पुढें ढकलण्याची संवय. परिणाम व्हावयाचा तो झाला. १८२४ सालीं धनकोंनीं त्याला लंडनमधील मार्शलसी नांवाच्या ऋणकोंच्या तुरुंगांत टाकविलें. चार्ल्स त्या वेळीं बारा वर्षांचा. त्याला शाळेंतून काढून बुटांना लावण्याच्या काळ्या रोगणाच्या कारखान्यांत कामास ठेवण्यांत आलें. रोगणाच्या डब्यांवर कागद बांधावयाचा, दोरी आवळावयाची व वर नांवाची चिठ्ठी चिकटवावयाची, हें त्याचें काम. आणि आठवड्याचा पगार सहा-सात शिलिंग. कांहीं महिन्यांनीं बाप सुटला, मुलगा पुनः शाळेंत गेला. परंतु मुलानें कामावरच राहावें अशी आईची इच्छा होती, हें त्याच्या काळजांत जें रुतलें तें अखेरपर्यंत निघालें नाहीं.

ही गोष्ट डिकन्सनें वर्षानुवर्षें कोणास सांगितली नाहीं. पुढें त्यानें तिची हकीकत लिहून काढली व ती आपला स्नेही जॉन फॉर्स्टर याच्या स्वाधीन केली. डिकन्स १८७० सालीं वारल्यानंतर फॉर्स्टरनें लिहिलेल्या चरित्रांतून ती जगास प्रथम कळली. परंतु तत्पूर्वीं वीस वर्षें, १८४९ व १८५० सालीं मासिक अंकांच्या रूपानें निघालेल्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ या कादंबरींत सहस्रावधि लोकांनीं तीच हकीकत नकळत वाचलेली होती.

‘तीच हकीकत’ असें आम्हीं म्हटलें खरें. पण ती जशीच्या तशी तेथें आहे काय? वाचकांनीं येथें बारकाईनें पाहावें. कादंबरींतील डेव्हिड पोरका आहे. त्याची प्रेमळ आई तो कामास लागण्यापूर्वींच मरण पावते. मुलास कामास लावणारा बाप नसून निर्दय सावत्र बाप आहे. रोगणाच्या कारखान्याऐवजीं दारूची वखार आहे, आणि मुलें बाटल्या विसळून त्यांवर चिठ्ठ्या लावतात. कर्जापायीं तुरुंगांत जाणारा आनंदी, बोलका गृहस्थ कादंबरींत आहेच. परंतु तो डेव्हिडचा बाप नसून, ज्याच्या घरीं डेव्हिड भाड्यानें राहतो तो मिकॉबर आहे. म्हणजे लेखकानें एका बापाचे दोन पुरुष केले. सर्व कठोरपणा सावत्र बापाच्या पदरीं घातला आणि सर्व भोळा बेजबाबदारपणा मिकॉबरच्या. आईवरचा राग त्यानें तिच्या प्रतिमेवर काढला नाहीं. ती मरते तीं प्रकरणें उलट अत्यंत कोमल आहेत. जें दुःख कागदावर सरळ लिहितांना त्याला केवळ आपलेंच दिसत होतें, तें परक्या मुलाच्या नांवावर चढवितांच त्याला आपल्या बापाची कींवही करतां आली व त्याच्यावर हंसतांही आलें.

आमच्या व्यापारी वाचकांस ही क्रिया त्यांच्याच भाषेंत सांगतां येईल. दुकानांत रोजकीर्द असते आणि खतावणी असते. रोजकीर्दींत दिवसभरांत जें जसें घडलें तें त्या क्रमानें टिपलें जातें: तेल विकलें, हुंडी वटली, हमालाला चार आणे दिले. परंतु केवळ रोजकीर्द वाचून धंदा कसा चालला आहे हें कोणास कळत नाहीं. त्याच रकमा खतावणींत ज्याच्या त्याच्या खातीं पडल्या म्हणजे कोण देणें लागतो, कोणाचें आपण देणें लागतों आणि तोटा कोठें मुरतो आहे, हें डोळ्यांपुढें उभें राहतें. आयुष्य ही लेखकाची रोजकीर्द आहे व कादंबरी ही त्याची खतावणी आहे. खतावणींत रकमेची जागा बदलते. रक्कम मात्र बदलतां येत नाहीं. जो लेखक दुःखाची रक्कम वाढवून किंवा घटवून लिहितो तो खोटीं वह्या ठेवणारा होय. पण ज्यानें खातें बदललें त्याला कोणी खोटा म्हणूं नये.

डिकन्सनें पुढें हेंच मार्शलसीचें खातें पुनः उघडलें. १८५५ ते १८५७ या काळांत निघालेल्या ‘लिटल डॉरिट’ या कादंबरीची नायिका त्या तुरुंगाच्या भिंतींतच जन्मास येते व तेथेंच लहानाची मोठी होते. ज्या माणसानें पैसे फेडावयाचे, त्यालाच कमाई करतां येणार नाहीं अशा ठिकाणीं कोंडून ठेवावयाचें, हा कायदा धनकोच्याही हिताचा नव्हता, हें त्या कादंबरीच्या वाचकास वकिलाच्या मदतीवांचून कळतें. इंग्लंडांत कर्जाबद्दलची कैद १८६९ च्या कायद्यानें बव्हंशीं बंद झाली. एका कादंबरीनें कायदा बदलला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु कायदा बदलण्यापूर्वीं लोकांचें मन बदलावें लागतें, आणि तें काम बारा वर्षांच्या एका मुलाच्या आठवणीनें केलें, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

याच विषयाचें आपल्याकडील उदाहरण साने गुरुजींचें आहे. १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं ‘श्यामची आई’ लिहिली. कोंकणांतील पालगडच्या एका खालावलेल्या खोत घराण्यांतील दारिद्र्य, सावकाराचा तगादा, आणि वसुलीस आलेल्या माणसाचे अपमानाचे शब्द ऐकणारी आई, हें सर्व गुरुजींच्या स्वतःच्या घरचें. त्या पुस्तकास कोणी कादंबरी म्हणतात, कोणी आत्मकथा म्हणतात. त्या वादांत आम्ही पडत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच, कीं आपल्या घरची लाज म्हणून जें लोक पेटींत घालून कुलूप लावतात तें या मुलानें उघड्यावर मांडलें, आणि त्यामुळें त्या घराची अब्रू गेली नाहीं. उलट ती आई महाराष्ट्राची झाली.

परंतु कादंबरीकाराचा अनुभव म्हणजे केवळ त्याच्या अंगावरून गेलेलें दुःख असें नव्हे. हरि नारायण आपटे यांचा जन्म १८६४ सालचा. १८९० सालीं त्यांनीं ‘करमणूक’ हें पत्र सुरू केलें व त्यांतून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली. तींत यमू नांवाची मुलगी आपली हकीकत आपल्याच तोंडानें सांगते: माहेरचें बालपण, लहानपणींच झालेलें लग्न, सासरचा छळ, समंजस पतीच्या सहवासांतले मोजके सुखाचे दिवस, आणि शेवटीं वैधव्य व बळजबरीचें केशवपन. येथें ‘ही कोणावर लिहिली?’ असें विचारणारा वाचक कुंठित होतो. लेखक पुरुष आहे, बोलणारी स्त्री आहे. जें दुःख ती सांगते तें लेखकास जन्मांत भोगावें लागणें शक्यच नव्हतें. मग हा अनुभव आला कोठून?

तो कान देण्यांतून आला. हरिभाऊ एकत्र कुटुंबांत वाढले. त्यांचें स्वतःचें लग्नही त्या काळच्या रीतीप्रमाणें लहान वयांतच झालें. अशा घरांत ओटीवर वेदान्त चाले आणि माजघरांत हुंदके दाबले जात. मधलें अंतर दहा पावलांचें. त्या काळीं अशा वाड्यांतून हजारों शिकलेले पुरुष जेवून उठत, हात धुवून विडा घेत आणि कचेरीस जात. अनुभवाची सामग्री त्या सर्वांना सारखीच उपलब्ध होती. फरक इतकाच, कीं त्या दहा पावलांपलीकडचें ज्याला ऐकूं आलें तो कादंबरीकार झाला. १८५७ सालीं बाबा पदमनजी यांनीं ‘यमुनापर्यटन’ लिहून हिंदु विधवांची स्थिति मांडली होती. परंतु तेथें उपदेशाचा भाग मोठा व उपदेशक नेहमीं पुढें उभा. हरिभाऊंनीं उपदेशकास बाजूस सारून यमूला बोलूं दिलें. १८९१ च्या मार्च महिन्यांत संमतिवयाचा कायदा होऊन मुलीच्या संमतीची मर्यादा दहा वर्षांवरून बारा वर्षांवर गेली. त्या वेळीं सभांतून व पत्रांतून शास्त्रवचनांचा पाऊस पडत होता. दोन्ही पक्षांचे वक्ते पुरुष होते. ज्या मुलीबद्दल वाद चालला होता तिला कोणी विचारलें नव्हतें. त्याच सुमारास घरोघर आठवड्याच्या अंकांतून यमू बोलत होती. शास्त्रार्थास उत्तर देतां येतें. जी बोलते आहे तिला ‘तूं बोलतच नाहींस’ असें म्हणतां येत नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. पुरुषानें स्त्रीच्या दुःखाची कथा लिहिली तर समाज त्यास सहृदय म्हणतो. परंतु तीच गोष्ट स्त्रीनें स्वतः लिहिली तर काय होतें? १९३३ सालीं ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नांवानें प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या किंवा न झालेल्या मुलींच्या मनांत काय चालतें, घरचे लोक तिच्या पगाराकडे कसे पाहतात व तिच्या इच्छेकडे कसे पाहत नाहींत, हें त्यांत सांगितलें होतें. दुसऱ्याच वर्षीं ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी निघाली. तींत विवाहाच्या चौकटीबाहेरील सहजीवनाचा व मातृत्वाचा प्रश्न होता. महाराष्ट्रांत गदारोळ उडाला. आणि आश्चर्य हें, कीं त्या कथांत सांगितलेलें खरें आहे कीं खोटें, या प्रश्नापेक्षां ‘ही बाई कोण?’ या प्रश्नावर लोकांनीं अधिक श्रम केले. त्या लेखिका म्हणजे कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेंत शिकलेल्या बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर, हें पुढें उघड झालें. त्यांनीं टोपणनांव कां घेतलें, याचें उत्तर त्या गदारोळानेंच दिलें होतें.

येथें आपली एक आवडती म्हण आडवी येते: झांकली मूठ सव्वा लाखाची. व्यापारांत ही म्हण कांहीं काळ चालते. पेढीची पत संभाळण्यास तिचा उपयोगही होतो. परंतु मूठ फार दिवस झांकून ठेवली म्हणजे आंत काय आहे याचा विसर खुद्द मालकास पडतो, आणि दिवाळें निघतें त्या दिवशीं सर्वांसच कळतें. घरांतील सून जळून गेली, मुलगी विहिरींत सांपडली, म्हणजे मग शेजारी म्हणतात कीं, ‘आम्हांला कांहींच ठाऊक नव्हतें.’ ठाऊक कसें असणार? जी सांगूं पाहत होती तिच्या तोंडावर तुम्हीच हात ठेविला होता. साक्षीदारास मारहाण करणाऱ्या गांवांत न्याय होत नाहीं. तसेंच स्वतःचा अनुभव लिहिणाऱ्या स्त्रीस निर्लज्ज ठरविणाऱ्या समाजांत सुधारणा होत नाहीं, कारण सुधारणेस लागणारा पुरावाच पुढें येत नाहीं.

अनुभव कोणाचा आणि लेखणी कोणाची, या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. १८७१ सालीं सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला व कित्येक जातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविलें. मालतीबाईंनीं १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सोलापूर येथील अशा लोकांच्या वसाहतींत अधिकारी म्हणून काम केलें, आणि तेथें जें पाहिलें त्यांतून १९५० सालीं ‘बळी’ ही कादंबरी लिहिली. तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या मांग-गारुड्यांचें जिणें त्यांनीं नोकरीच्या निमित्तानें, कुंपणाबाहेर जाण्यास मोकळीक असलेल्या माणसाच्या नजरेनें पाहिलेलें होतें. त्याच कायद्याची दुसरी बाजू अण्णाभाऊ साठे यांनीं १९५९ सालीं ‘फकिरा’ या कादंबरींत दाखविली. अण्णाभाऊंचा जन्म १९२० सालीं वाटेगांव येथें मांग जातींत झाला. शाळेचें शिक्षण नांवापुरतेंच. पोटासाठीं मुंबईस आले, गिरणींत राबले. चावडीवर हजेरी द्यावी लागणाऱ्या, दुष्काळांत उपाशी मरणाऱ्या आणि शेवटीं बंड करणाऱ्या माणसांची गोष्ट त्यांनीं लहानपणापासून आपल्याच लोकांच्या तोंडून ऐकली होती. एकच कायदा, एकीनें तो कचेरीच्या खुर्चीवरून पाहिला, दुसऱ्यानें तो आपल्या रक्तांतून वाहत आलेला ऐकला. दोन्ही साक्षी खऱ्या आहेत. परंतु दुसरी साक्ष मिळाली नसती तर पहिलीवरच आपण समाधान मानलें असतें, हें विसरतां कामा नये. तो कायदा १९५२ सालीं देशभर रद्द झाला. त्यानें लावलेला डाग मात्र त्या जमातींच्या कपाळावरून कायद्याच्या हुकुमानें पुसला गेलेला नाहीं.

इतकें लेखकांच्या बाजूनें बोलल्यावर त्यांच्या जबाबदारीविषयीं न बोलणें अन्यायाचें होईल. स्वतःचें दुःख मांडण्याचा अधिकार लेखकास आहे. शेजाऱ्याचें व्यंग विकण्याचा नाहीं. पुनः डिकन्सकडेच पाहा. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ मध्यें त्यानें मिस् मौचर नांवाची एक ठेंगणी बाई रंगविली व ती दुष्टाची हस्तक होईल असा रोंख दाखविला. त्याच्या शेजारीं राहणाऱ्या, पायांच्या नखांची निगा राखण्याचा धंदा करणाऱ्या एका ठेंगण्या बाईनें ते वर्णन वाचलें, आपणास ओळखलें, आणि आपल्या शरीराचें असें प्रदर्शन झाल्याबद्दल त्यास व्यथित होऊन पत्र लिहिलें. कादंबरी अद्याप महिन्यामहिन्यानें निघत होती. डिकन्सनें पुढील भागांत त्या पात्राचा स्वभाव बदलून त्यास सुजन केलें. हें त्यास शोभलें. परंतु पुढें ‘ब्लीक हाउस’ मध्यें त्यानें आपला स्नेही, कवि ले हंट याच्या लकबी एका स्वार्थी पात्रास चिकटविल्या. मित्रमंडळींनीं माणूस तत्काळ ओळखला, आणि त्या वृद्ध स्नेह्याच्या मनास झालेली जखम मागाहूनच्या खुलाशांनीं भरून आली नाहीं. अब्रूनुकसानीचा कायदा १८६० च्या दंडसंहितेंत होता व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्यायसंहितेंतही आहे. परंतु लेखकानें कायद्याच्या कुंपणापर्यंत जाऊन थांबावें यांत विशेष तें काय? त्याचें कुंपण अलीकडेच असलें पाहिजे.

तें कोठें असावें, याचा एक साधा नियम सांगतां येईल. ज्या खात्यांत आपलें स्वतःचें नांव घालण्याची लेखकाची तयारी नाहीं, त्या खात्यांत त्यानें दुसऱ्याचें नांव घालूं नये. डिकन्सनें कारखान्यांतील लज्जा स्वतः भोगली होती, म्हणून मिकॉबरची थट्टा विषारी झाली नाहीं. जेथें लेखक स्वतःस निर्दोष ठेवून बाकी सर्वांस दोषी ठरवितो, तेथें कादंबरी संपून फिर्याद सुरू होते.

आणि वाचकांनीं काय करावें? आमची सूचना लहान आहे, परंतु आचरण्यास कठीण आहे. पुस्तक मिटल्यावर ‘ही कोणावर लिहिली?’ असें विचारण्याऐवजीं ‘यांतलें काय माझ्या घरांत घडत आहे?’ असें विचारावें. पहिल्या प्रश्नानें शेजाऱ्याच्या खिडकींत डोकावतां येतें. दुसऱ्यानें स्वतःच्या माजघरांत जावें लागतें. आपली मुलगी, सून किंवा विधवा बहीण वहींत कांहीं लिहीत असली तर ती वही चोरून वाचूं नये, व ती दाखवील तेव्हां ‘लोक काय म्हणतील’ हें वाक्य प्रथम उच्चारूं नये. कदाचित् तींत आपल्या घराविरुद्ध एखादी रक्कम नांवें पडलेली असेल. प्रामाणिक व्यापारी अशा वेळीं वही फाडीत नाहीं. तो रक्कम तपासतो, आणि देणें खरें निघाल्यास फेडतो.